हात न लावलेला फोटो

आमच्या लेकीने चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे घरच्या घरी घालवायचं मनावर घेतलं आणि सुयांचा रोलर मागवला. रेझरसारखी दांडी, पुढे बारीक सुयांनी भरलेलं चाक. ते गालावर फिरवायचं, त्वचेला भोकं पाडायची, मग म्हणे आतून नवी कातडी भरून येते. मी म्हटलं, "बाई गं, चेहरा आहे तो, कणीक नव्हे." पण माझं ऐकतंय कोण!

तशी ती नीटनेटकी. सुया स्पिरिटमध्ये बुडवायची, मधे महिनाभर जाऊ द्यायची. गुण येतोय का ते कळावं म्हणून दर वेळी आधी वडिलांच्या स्टुडिओत फोटो काढून घ्यायची. तोच दिवा, तेच स्टूल. आमच्या ह्यांचा जन्म लोकांच्या फोटोतले डाग पुसण्यात गेलाय.

पहिला फोटो बघून ती ढसाढसा रडली. दुसऱ्यात खड्डे जरा उथळ दिसले, तिसऱ्यात आणखी. पोर हरखून गेली. आरशात काही फरक दिसत नव्हता, पण फोटो कशाला खोटं बोलेल? उत्साहाच्या भरात तिने चांगल्या लांब सुयांचा रोलर आणला. त्याने घात केला. गाल टरारून सुजले, पाणी सुटलं, आणि सूज उतरली तेव्हा मागे काळे डाग राहिले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, फोटो पाहिले, पुन्हा चेहरा पाहिला. "एवढ्या लांब सुया घरी वापरायच्या नसतात. आणि फोटोंना टचिंग केलंय. खड्डे होते तेवढेच आहेत."

लेक तडक स्टुडिओत गेली. मागोमाग मी, डोकं नुसतं तापलेलं.

"बाबा, तुम्ही माझे खड्डे पुसलेत?"

हे खुर्चीत चुळबुळले. "थोडेसेच. पहिल्या फोटोला तू किती रडलीस! मला बघवेना."

"ते बघून मी सुया वाढवल्या."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी भांडायच्या तयारीने आले होते, पण दारातच थबकले.

लेकीने भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बोट केलं. माझ्या हनुवटीवरचा भाजल्याचा व्रण त्यात जसाच्या तसा आहे. "आईचा का नाही पुसलात?"

"तो पुसला तर ती तुझी आई वाटणार नाही," हे पटकन बोलून गेले.

"आणि मी?"

 लेक स्टुलावर जाऊन बसली, डोळे कोरडे केले आणि म्हणाली, "काढा. या फोटोला हात लावायचा नाही."

फोटो स्क्रीनवर मोठा होऊन आला. ह्यांचा हात सवयीने माऊसकडे गेला. तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला आणि पोरीचा चेहरा बघत राहिले, एकेक खड्डा, एकेक डाग.

"अगं, किती दुखलं असेल तुला," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत हे तिला आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.