ठकूचं तीर्थ

तात्यासाहेबांचं सोवळं मांजलपुरातल्या त्या सोसायटीत दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी आंघोळ करून ते तांबडा रेशमी कद नेसले, की पूजा संपेपर्यंत त्यांना कुणी म्हणजे कुणी शिवायचं नाही. कुणाचा पदर जरी लागला तरी पुन्हा आंघोळ. एकदा खिडकीतून आलेलं मांजर त्यांच्या पायाला अंग घासून गेलं, तेव्हा भर जानेवारीत त्यांनी गार पाण्याने दुसरी आंघोळ केली आणि पुढे आठवडाभर शिंकत बसले. मांजर मात्र ठणठणीत होतं.

कदही साधासुधा नव्हता. आपले आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्यांना तो दरबारातून मिळाला, असं तात्यासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंच्या मते तो मंगळ बाजारातून घासाघीस करून आणलेला होता. पण हे मत त्या स्वयंपाकघरातच मांडत.

उभी हयात तात्यासाहेबांनी मुलांना यंत्रांची ड्रॉइंग शिकवण्यात घालवली होती. रेघ म्हणजे रेघ, ती इकडची तिकडे व्हायची नाही. देवघराच्या उंबऱ्यावरही त्यांनी तशीच एक मनातली रेघ मारून ठेवली होती. सून निरुपमा लग्न होऊन आल्यापासून त्या रेघेच्या बाहेर उभी राहून प्रसाद घेत आली होती. आणि दोन वर्षांची नात अहल्या, म्हणजे घरातली ठकू, रोज सकाळी त्या उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसायची आणि तीर्थासाठी हात पसरायची. बहुधा डावा. मग आतून दरडावणी यायची, “उजवा हात!”

त्या दिवशी ठकू तापाने फणफणली होती. आदल्या दिवसापासून खोकलाही होता, आणि तो एवढ्याशा छातीला न शोभणारा, थोरामोठ्यांसारखा खोकला. सरोजिनीबाई भाचीच्या लग्नाला इंदूरला गेलेल्या. मुलगा गजेंद्र बाजव्याकडच्या कारखान्यात. तिथे वर्षाच्या दुरुस्तीचं काम चाललेलं, त्यामुळे रजेचं नावही काढायची सोय नव्हती. निरुपमाच्या शाळेत प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि बाहेरून परीक्षक येणार होते. तिने ठकूला तापाचं औषध पाजलं, स्कूटरची किल्ली हातात घेतली आणि दारात थबकली.

“तात्या, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते परत एकदा सांगू का?”

“सांग, सूनबाई.”

“अंगावर जाड काही घालायचं नाही. खोकल्याचं कसलंही औषध द्यायचं नाही. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जायला लागली किंवा ती मलूल वाटली, तर मला फोन करून लगेच दवाखान्यात न्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. थोडं थोडं, पण सारखं. सकाळपासून हिला शू झालेली नाही. मुद्दामच डायपर घातलेला नाही, म्हणजे झाली तर कळेल. दुपारी मी येईपर्यंत झाली नाही, तर डॉक्टर म्हणाले, तशीच घेऊन या, सलाइन लावू.”

सलाइन म्हटल्यावर तात्यासाहेबांची नजर नकळत ठकूच्या हाताकडे गेली. मनगटाशी वळी पडलेला, खळ्यांचा हात. त्यात सुई खुपसणार तरी कुठे?

“तू निर्धास्त जा,” ते म्हणाले. “एक पोरगी, एक पेला पाणी. त्यात अवघड काय?”

अवघड काय ते लवकरच कळलं. ठकूने पेला बघितला आणि तोंड फिरवलं. नळीचा प्याला आणला, तर तो सोफ्याखाली भिरकावला. चमच्याने पाजायला गेले, तर तिने ओठ असे मिटले की जणू तिजोरीच. तात्यासाहेबांनी चिऊचा घास केला, काऊचा केला, कमाटीबागेतल्या हत्तीचाही केला. तिथे हत्ती आहे की नाही याची चौकशी करायच्या मनःस्थितीत दोघंही नव्हते. ठकू खोकली. तात्यासाहेबांनी सवयीने घसा खाकरला. ते ऐकून तिने त्यांची नक्कल करत मुद्दाम खाकरलं, आणि तेवढ्यापुरती हसली. पण पाणी? छे!

एवढ्यात शेजारच्या तरुलताबेन आल्या. बेनचं या घराशी वीस वर्षांचं जाणंयेणं. मराठी समजायचं सगळं, बोलायच्या मात्र आपल्या पद्धतीनं.

“अरे तात्यासाहेब, छोकरीला शाल नाही ओढाडली? पवन लागी जशे! आणि हे बघा, अजमानी पोटली लावी छूं. ओवा गरम करून बांधलाय. आणि मारे घेर खांसीची बाटली पण छे, मोटाभाईसाठी आणलेली. एक चमची आपी दो, बस.”

“तरुलताबेन, शाल नको आणि बाटली तर मुळीच नको,” तात्यासाहेब म्हणाले. “मोठ्या माणसाचं औषध पोराला द्यायचं नाही. सूनबाईची ऑर्डर आहे.”

“तो पोटली?”

पोटलीवर सूनबाईंचं काही म्हणणं नव्हतं. पण आधी स्वतः हुंगून बघावी म्हणून तात्यासाहेबांनी ती नाकाशी नेली आणि घर दणाणून सोडणाऱ्या एकामागून एक शिंका दिल्या. ठकूने टाळ्या वाजवल्या. पोटली कपाटावर गेली.

दुपार व्हायला आली. ठकू त्यांच्या गळ्याला घोरपडीसारखी चिकटून बसलेली. खाली ठेवलं की रडायची, आणि रडली की खोकल्याची उबळ यायची. तिचा श्वास ते सारखा निरखत होते, तो ठीक चालला होता. डोळेही टक्क उघडे होते. चड्डी मात्र कोरडी ठणठणीत. एरवी ज्या चड्डीच्या ओलेपणावरून या घरात आरडाओरडा व्हायचा, ती कोरडी आहे म्हणून एक सत्तरीचा माणूस कासावीस झाला होता. देव पाण्यात घालून बसायची वेळ आली होती, आणि देवांना तर आज अजून पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

हो, पूजा राहिली होती. आजवर ती कधी चुकली नव्हती. शेवटी ते तरुलताबेनना म्हणाले, “हिला घटकाभर धरा. मी आंघोळ करून येतो. देवाला असं पारोसं ठेवून माझं डोकं चालायचं नाही.”

बेननी तिला कडेवर घेतलं. आत आंघोळ, बाहेर आकांत. तात्यासाहेबांनी अंगावर जेमतेम दोन तांबे ओतले, कद नेसला आणि देवघराकडे निघाले. ठकूने त्यांना येताना पाहिलं. बेन “अरे, अरे!” म्हणेपर्यंत तिने कडेवरून झेप घेतली आणि दोन्ही हातांनी आजोबांच्या ओल्या गळ्याला मिठी मारली. वाहतं नाक, लाळ, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्या दरबारी रेशमावर पुसलं गेलं.

बेननी जीभ चावली. “हाय हाय! अडकी गई! सोवळं गेलं, तात्यासाहेब!”

तात्यासाहेब जागच्या जागी थांबले. आता हिला उतरवायचं, पुन्हा आंघोळ करायची, पुन्हा हिचा आकांत, पुन्हा उबळ. त्यांच्या खांद्यावर ते गरम डोकं टेकलं होतं आणि रडू थांबलं होतं. त्यांनी एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, एकदा देवांकडे.

“गेलं तर गेलं,” ते म्हणाले आणि नातीला घेऊन रेघ ओलांडून आत गेले.

ठकूसाठी हे नवीनच होतं. रोज जे उंबऱ्याबाहेरून दिसायचं, ते आज हाताच्या अंतरावर. आजोबांच्या मांडीवर बसून तिने बाळकृष्णाच्या नाकाला बोट लावून पाहिलं, घंटा वाजवली, ती पुन्हा वाजवली, आणि फुलातली एक पाकळी खायचा प्रयत्न केला. तात्यासाहेबांनी पूजा कशीबशी उरकली. शेवटी चांदीच्या पंचपात्रातून पळीभर तीर्थ घेतलं आणि स्वतःच्या उजव्या हातावर ओतणार, तोच मध्ये एक तळहात आला.

“तीत,” ठकू म्हणाली.

हात डावा होता. तात्यासाहेबांच्या ओठांपर्यंत “उजवा” आलं आणि तिथेच विरलं. त्यांनी त्या डाव्या तळव्यावर पळी ओतली. ठकूने ते फुर्रकन ओढून घेतलं, उरलेला ओलावा रोजच्यासारखा डोक्याला पुसला आणि हात पुन्हा पुढे केला.

“तीत.”

दुसरी पळी. फुर्र. तिसरी. सकाळपासून ओठांचं कुलूप न काढणारी पोर पाणी पीत होती!

“तरुलताबेन!” त्यांनी हाक मारली. “ओट्यावर सूनबाईनं सलाइनसारख्या पाण्याची पुडी ठेवलीय ना, जुलाबात देतात ती? शेजारी लिटरचं पाणी मोजून ठेवलंय, अख्खी पुडी त्यातच कालवा. कमी नाही, जास्त नाही. आणि इकडे आणा.”

“देवघरमां? पण मी तर आंघोळीनंतर मच्छीवालीशी...”

“मच्छीवालीला घेऊन या, पण पाणी आणा!”

पंचपात्र भरलं. वरून एक तुळशीचं पान, कारण त्याशिवाय ते तीर्थ आहे हे ठकूला कसं पटणार? प्रत्येक पळीला तात्यासाहेब तीर्थाचा मंत्र म्हणायला लागले. हा मंत्र त्यांनी आजवर घसा खाकरावा तितक्या सहज म्हटला होता. सगळ्या व्याधींचा नाश होवो, असं त्यात म्हटलंय, हे त्यांना माहीत होतं, पण ते कधी कुणासाठी मागितलं नव्हतं. आज प्रत्येक पळीला ते खरोखर मागत होते, आणि आवाज घोगरा होत होता. बेनना वाटलं, खोकला आजोबांनाही लागला.

मध्ये ठकूचा रस उतरला की घंटा वाजवायची. घंटेचाही कंटाळा आला की आरती. आरतीनंतर ओघानेच तीर्थ. बाळकृष्णाला त्या दुपारी इतक्या वेळा ओवाळलं गेलं की बिचारा गरगरला असेल. शेजारच्या टेनामेंटमधून कुणीतरी डोकावून विचारलंसुद्धा, “आजे शुं छे? कोई उत्सव?” बेननी हाताने खूण केली, हो, हो, मोठा उत्सव.

पंचपात्र पुन्हा भरायची वेळ आली, तेव्हा ठकू पेंगायला लागली होती. कपाळाला घाम आला होता. तात्यासाहेबांनी तिला कुशीत वळवलं आणि एकाएकी ताठ बसले.

मांडीवर ऊब पसरत चालली होती. आधी थोडीशी, मग भरपूर, मग आसनापर्यंत. तात्यासाहेबांच्या आजोबांपासून कुणाची सावलीही न पडलेला तो कद चिंब भिजत होता, आणि तेही देवघरात, देवांच्या समोर.

“झाली!” तात्यासाहेब ओरडले. “तरुलताबेन, झाली! अहो, केवढी झाली!”

निरुपमाची स्कूटर फाटकात लागली, तेव्हाच हे ओरडणं तिच्या कानावर आलं. काळजाचं पाणी झालेली ती चपलाही न काढता धावत आली आणि देवघराच्या उंबऱ्याशी सवयीने थांबली. आत सासरे भिजलेल्या कदात बसलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंडभर हसू, आणि मांडीवर ठकू झोपलेली.

“तात्या, काय झालं?”

“शू झाली, सूनबाई. अशी झाली म्हणतेस! आता सलाइन नको ना?”

निरुपमाला एकदम हसू आणि रडू आलं. “डॉक्टरांना विचारते, पण बहुतेक नको. ताप बघायला पाहिजे. थर्मामीटर...” ती बाहेरूनच हात लांब करायला लागली, रोज प्रसादासाठी करायची तसा. हात पोचेना.

“अगं, आत ये,” तात्यासाहेब म्हणाले.

“मी शाळेतून आलेय तात्या, आणि पायांत चपला...”

“चपला काढ हवं तर. पण ये. आई आहेस तिची, बाहेर काय उभी राहतेस?”

निरुपमाने चपला काढल्या आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. लेकीच्या कपाळावर हात ठेवला, मग जागा नव्हती म्हणून सासऱ्यांच्या गुडघ्याला गुडघा टेकवून तिथेच बसली. कुणीच सरकलं नाही. तरुलताबेन बाहेरून म्हणाल्या, “मी चा मूकूं छूं,” आणि डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या.

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. सलाइनची गरज नाही, असंच पाजत राहा, म्हणाले. कशातून पाजता, असं त्यांनी विचारलं नाही. पुढचे दोन दिवस ताप चढत उतरत राहिला, खोकला त्याहून जास्त रेंगाळला, आणि या घरात बाळकृष्णाची पूजा ठकूच्या तहानेप्रमाणे होत राहिली.

त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी इंदूरहून सरोजिनीबाईंचा फोन आला. नातीची चौकशी झाली, लग्नातल्या जेवणाची नालस्ती झाली. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “आणि पूजा झाली का नीट? कद सोवळ्यातच वाळत घातलात ना? नाही तर माझ्यामागे घरात कोण बघतंय.”

तात्यासाहेबांनी गॅलरीत पाहिलं. एकाच दोरीवर ठकूच्या फुलाफुलांच्या चड्ड्या वाळत होत्या, आणि त्यांच्या मधोमध, तिच्याच मऊ साबणात धुतलेला दरबारी कद.

“घातलाय,” ते म्हणाले. “अगदी सोवळ्यात.”