काट्यावर धरलेला हात

टेलरकाका गेले तेव्हा त्यांच्या वजनाच्या वहीत शेवटचे एकवीस दिवस एकच आकडा होता. एकाहत्तर.

मी हृदयरोग विभागातली नर्स. ज्यांचं हृदय थकलंय, रक्त पुढे ढकलताना दमतंय, अशा माणसांना घरी स्वतःला कसं जपायचं ते शिकवते. मीठ मोजून, पाणी मोजून, आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की चहाच्या आधी वजनकाट्यावर उभं राहायचं. आकडा वहीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अंगात साठलेलं पाणी. लगेच मला फोन.

काकांची वही मी वर्गात सगळ्यांसमोर उंच धरली होती. "बघा, याला म्हणतात शिस्त!" सगळ्यांना टाळ्याही वाजवायला लावल्या. काका लाजले. म्हणाले, "जन्मभर लोकांची मापं घेतली, सिस्टर. आता तुम्ही माझं घेताय. जरा ढिलं ठेवा म्हणजे झालं." वर्ग हसहस हसला. त्यानंतर नवव्या दिवशी काका गेले. फुप्फुसांत पाणी भरलेलं, पावलं सुजून टम्म. आणि वहीत मात्र एकाहत्तर.

वर्षभर त्या आकड्याने माझी पाठ सोडली नाही. देवापुढे डोळे मिटावेत, तर देवाच्या आधी तोच हजर. अरे, पाणी अंगात शिरलं, मग काट्याला कसं कळलं नाही?

आणि आता त्यांच्या बायकोला, काकूंनाही तोच आजार. दवाखान्यातून घरी जाऊन त्यांना दहा दिवस झाले होते. सकाळी साडेसातला मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"या सिस्टर. चपला असू द्या, फरशी गार आहे." एवढं बोलताना काकू दोनदा थांबल्या.

खोलीत शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. चादरीवर धूळ होती, खाली पायाच्या पट्टीवर मात्र अजिबात नाही. लख्ख, वापरातली.

"मशीन कोण चालवतं?"

"कोण चालवणार? मला कुठे येतंय?"

मी पलंगाकडे वळले. "झोपताना उशा किती घेता?"

"दोन."

"इथे तर चार दिसतायत."

"दोन त्यांच्या." मग जरा ओशाळून, "पण लागतात मलाच. आडवं झालं की जीव घाबरतो."

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. वही उघडली. चोपन्न, चोपन्न, चोपन्न. दहाही दिवस.

"काकू, मला करून दाखवा. रोज जसं करता अगदी तसंच."

अकरा वर्षांत हे वाक्य मी एकदाही म्हटलं नव्हतं. "समजलं ना?" विचारायचे, माना डोलायच्या, आणि मी खूश!

काकू काट्यावर चढल्या आणि त्यांनी उजवं कोपर बाजूला उचललं, कुणी आधार द्यायला यावं तसं. भिंत चार हात लांब, मशीन मागे. बाजूला काही म्हणजे काही नव्हतं. पण कोपराजवळचं बाहीचं कापड चुरगळून गोळा झालं होतं, मुठीत धरल्यासारखं.

काटा चोपन्नवर थांबला.

"हात असा का, काकू?"

"ते धरतात ना," काकू म्हणाल्या. दूध आलंय म्हणावं इतक्या सहज. "मला भोवळ येते. त्यांना यायची तेव्हा मी धरायचे. शेवटी शेवटी तर खांद्याखाली हात घालून चांगलं उचलूनच धरायचे, पडतील म्हणून. आता त्यांची पाळी."

वर्षभराचं उत्तर असं समोर येऊन उभं राहिलं. पाणी जेवढं चढत होतं, तेवढंच त्या मायेच्या हाताने रोज उचलून धरलं होतं. आता सांगावं, तर या बाईने उरलेलं आयुष्य ते उरावर घेऊन जगायचं. न सांगावं, तर आठवड्याभरात हिचाही श्वास बुडायचा. देवा, शब्द तूच दे, म्हटलं.

"काकू, हात खाली घ्या."

"आणि पडले तर?"

"मी समोर आहे. धरलं की काटा कमी दाखवतो."

टेलरच्या संसारात चाळीस वर्षं काढलेली बाई. माप कुठे चुकलं हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"म्हणजे त्यांचंही..."

"हो. पण चूक तुमची नाही. धरू नका, हे मी सांगायला हवं होतं. मी नुसती वही बघितली."

"मोठ्या शिकवायला निघाल्या!" काकूंचा आवाज चिरकला. "एकदा येऊन बघता नाही आलं?"

मी खाली बघितलं. मग त्या उजवीकडे वळल्या आणि हळूच, घरच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सोडा. ऐकलंत ना? सोडा म्हणते मी."

बाहीच्या चुण्या एकेक करून सुटल्या. हात खाली आला. काटा थरथरला, सरकला आणि सत्तावन्नच्या पुढे जाऊन थांबला.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तासाभरात भरती करायला सांगितलं. काकूंनी स्वतःच्या हाताने आजचा आकडा लिहिला, मागचे दहा खोडू का विचारलं. मी नको म्हटलं.

दाराशी त्या अडखळल्या.

"रोज सकाळी येतात हो ते. आता काय करतील?"

"बघत उभे राहतील, काकू. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही."

"त्यांना नाही जमायचं ते," काकू म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.