जलदेवीनं नेलेले मासे

"ताई, काचेचं झाकण घेऊन जा. हे मासे उड्या मारतात," माशांच्या दुकानातला प्रफुल्ल म्हणाला होता. आणखी काहीतरी गळ्यात मारतोय, असं वाटून योगिनीनं तिकडे कानाडोळा केला.

आता तिच्या घरातल्या त्याच उघड्या टाकीपुढे अंबडच्या त्यांच्या कॉलनीतल्या पंधरा-वीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. गल्लीतल्या पुतळाबाईंच्या अंगात दर मंगळवारी इथं जलदेवी यायची. धूप पेटायचा, टाकीजवळ पितळी थाळी बडवली जायची आणि आरतीनंतर मोजलं की एक मासा कमी भरायचा. काच शाबूत, फरशी कोरडी. चारातले तीन गेले होते.

"घरावरचं अरिष्ट देवी माशावर घालून नेते," पुतळाबाई घुमत म्हणाल्या. "चौथा गेला की न्यायला मासा नाही. मग पोर."

योगिनीनं चार वर्षांच्या रुद्रला घट्ट धरलं. त्याला बालदमा. मागच्या मंगळवारी पुतळाबाईंनी त्याचा दम्याचा पंप हिसकून भिरकावला होता. "पोराच्या छातीत वारा भरतेस? मग देवीनं बसायचं कुठं?" पंप टाकीच्या कपाटाखाली गेला. बी.एस्सी. झालेली योगिनी आठवडाभर त्या कपाटाकडे नुसती बघत राहिली. वाकायची हिंमत झाली नाही.

धूप दाटला. रुद्रची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"बाई, धूर बंद करा," योगिनी म्हणाली.

"देवी छातीवर बसलीय गं. हलू नकोस."

योगिनीनं रुद्रला शेजारच्या सरिताकाकूंकडे दिलं आणि मोबाइलचा उजेड पाडत ती फरशीवर पालथी पडली. जळमटांत पंप होता. त्याच्या पलीकडे, भिंतीलगत, सुकटासारखे कडक झालेले तीन मासे.

वर थाळी दणाणली. कपाट आणि भिंतीमधल्या फटीतून चौथा मासा तिच्या मनगटावर आदळला. जिवंत, तडफडत.

मासा तिनं सरळ टाकीत सोडला, खिडक्या उघडल्या आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे रुद्रला पंप दिला. हळूहळू शिट्टी कमी झाली, तेव्हा तिनं वाळलेले मासे थाळीत आणून ठेवले.

पुतळाबाईंचं घुमणं थांबलं होतं. "देवीनं परत दिले बघ."

"वाळवून?" सरिताकाकूंनी विचारलं.

थाळी कायम टाकीच्या पुढच्या काचेशी वाजायची. दणक्यानं बिथरलेला मासा उसळून मागच्या फटीत पडायचा. बायकांच्या नजरा मात्र घुमणाऱ्या पुतळाबाईंवर. एवढीच ती जलदेवी.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लनं मापाचं झाकण बसवलं. "मागं पाइपसाठी फट राहते, तिथं जाळी लावलीय. काचेवर क्षार धरतो, दर आठवड्याला पुसा. नाहीतर उजेड आत जात नाही."

रुद्र आता बरा आहे. योगिनीला मात्र अजून धडकी भरते: पंप हाताच्या अंतरावर होता आणि लेकरू त्यावाचून आठवडाभर धापा टाकत होतं. भीती बसली, की शिकलेलं माणूसही वाकून पाहायचं सोडतं.

तुमच्या इमारतीतही एखाद्या आईनं कुणाच्या सांगण्यावरून मुलाचं दम्याचं औषध बंद केलं असेल. आपणहून ती बोलणार नाही. आज तिच्या दाराची बेल वाजवा, आत जा आणि मूल श्वास कसा घेतंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.