काचेतलं ऊन

काचवाल्याने जन्मभर लोकांच्या खिडक्यांना तावदानं बसवली होती, त्यामुळे ऊन-वाऱ्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची ठाम समजूत होती. बायकोचा आमवात वाढलाय, त्यात ड जीवनसत्त्वही फार कमी झालंय, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिल्या आणि उन्हात बसायला सांगितलं. उन्हाचं खातं त्याने लगेच स्वतःकडे घेतलं.

बायको शिवणकाम करायची. आता सकाळी बोटं वळत नव्हती, कात्री धरवत नव्हती. एका गिऱ्हाइकाचं कापड न शिवताच परत करावं लागलं. गॅलरीत बसावं तर गार वारा सांध्यांना सोसेना. मग याने गॅलरी काचेने अशी बंद केली की वाऱ्याला शिरायला फट राहिली नाही. आत छान ऊब. आमवाताच्या मूठभर गोळ्यांनी तिचं पोट आधीच कुरकुरत होतं, तेव्हा तो म्हणाला, त्या कॅप्सूल सोड, ऊन आहे ना फुकटचं. तिने सोडल्या. त्याच्या बडबडीवर नसला तरी कामावर तिचा विश्वास होता.

अख्खा हिवाळा ती काचेआड बसली. मग रक्त तपासलं, तर आकडा आणखी खाली; बोटंही आता वाकली होती. कुठे बसता, असं बाईंनी विचारल्यावर याने छाती फुगवून सांगितलं.

"काचेतून उजेड येतो, ऊब येते," बाई म्हणाल्या. "पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. आणि कॅप्सूल?"

बायकोने मान खाली घातली.

"मी सोडायला लावल्या," तो म्हणाला.

कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्या. निघताना दाराशी घुटमळून त्याने बोटांचं विचारलं. दुखणं कमी होईल, पण वाकलेली बोटं सरळ व्हायची नाहीत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यात कॅप्सूल सोडल्याचा वाटा किती, हे नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. तुमच्यामुळे नाही, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

घरी येताच तो तावदानं काढायला लागला. राहू द्या, असं ती म्हणाली, पण त्याने ऐकलं नाही. वारा आत आला. ती स्वेटर घालून खुर्चीत बसली, पण बटण बोटांतून निसटत राहिलं. तो समोर गुडघे टेकून बसला.

"चीड तरी माझ्यावर."

"चिडून काय करू?" ती म्हणाली. "आता रोज तुम्हालाच लावायचीत ही."

आणि वरचं बटण त्याला नीट लावता यावं म्हणून तिने हनुवटी उचलून धरली.