नेस्मेकलांची टोपी

मी एक जुने आडनाव आहे. नेस्मेकल. आमच्या डोंगरातल्या बोलीत याचा अर्थ, ज्याने टोपी काढली नाही तो. मित्रांनो, तुम्हाला मी मित्र म्हणतो ते केवळ रीत म्हणून. मला मित्र फारसे लाभले नाहीत आणि मीही कुणाशी जुळवून घेणाऱ्यातला नाही. जन्मच माझा चाबकाखाली झाला, मग स्वभाव गोड कुठून येणार?

मोराव्हियाच्या पूर्वेकडच्या डोंगरात होर्नी यावोर नावाचे गाव आहे. फार पूर्वी तिथली कुरणे, मेंढ्या आणि माणसे सगळी एका सरदाराच्या मालकीची होती. त्याचा कारभारी घोड्यावरून निघाला की वाटेच्या कडेला उभे राहून सर्वांनी टोप्या काढायच्या, असा नियम होता. एकदा यिरा नावाचा मेंढपाळ ओढ्यातून वर येत होता. व्यायला झालेली मेंढी त्याने दोन्ही हातांवर धरली होती. समोर कारभारी आला. मेंढी खाली ठेवली तर पाण्यात बुडणार, म्हणून यिराची टोपी डोक्यावरच राहिली. कारभाऱ्याने काही विचारले नाही. साऱ्या गावासमोर त्याने यिराला फटके मारायला लावले आणि पुढे दर हजेरीला त्याला 'नेस्मेकल' म्हणून हाक मारली. गाव हसले. गावाला काय, हसायला निमित्तच हवे असते. असा मी जन्माला आलो, शिवी म्हणून.

यिराच्या नातवंडांनी त्या शिवीचा तुरा केला. मेंढी ते विसरून गेले. आमच्या आजोबाने मुद्दाम टोपी काढली नाही, फटके खाल्ले पण वाकला नाही, असे ते सांगू लागले. खरे काय ते मला ठाऊक होते, पण आडनावाला तोंड नसते. शिवाय, कबूल करतो, मला ते ऐकायला आवडत असे. मग घरात नियमच झाला. नेस्मेकल पुरुष झोपताना टोपी काढेल, जेवताना काढेल, पण दुसऱ्या माणसापुढे काढणार नाही. चर्चमध्ये टोपी काढावी लागते, म्हणून नेस्मेकल दाराबाहेरच्या पायरीवर उभे राहून प्रार्थना ऐकत. हिवाळ्यात गुडघाभर बर्फात उभे राहत.

"काय रे, टोपी डोक्याला चिकटलीय की उवा पाळल्यात आत?" लोक जाता जाता विचारत.

"तुझ्या बायकोला विचार," नेस्मेकल उत्तर देत. मारामाऱ्या होत. दात पडत. टोप्या मात्र पडत नसत.

मी कष्टही पुष्कळ सोसले. दाराच्या वरच्या तुळईवर मला कोरले, आलुबुखार वाळवायच्या खोपटाच्या फळीवर कोरले, आणि स्मशानातल्या दगडांवर तर किती वेळा कोरले. माझी खरी वाहवा झाली ती म्हाताऱ्या व्हिन्सेन्सच्या काळात. शेते सरकारी सामुदायिक शेतीत घाला असा हुकूम निघाला होता. गावातल्या एकेकाने मान तुकवली. व्हिन्सेन्स टोपी घालून समितीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "नाही." त्याला खाणीत कामाला धाडले. परत आला तेव्हा खोकत आला, पण टोपी डोक्यावर होती. त्या दिवशी जे शेजारी आम्हाला उवांवरून चिडवत, ते कुंपणाआडून हळूच म्हणाले, "सुंभ जळेल, पण नेस्मेकलांचा पीळ जायचा नाही." मला वाटले, आता आपल्याला मरण नाही.

पण माणसे गळत गेली. एक शाखा पूर्वीच टेक्सासला कापूस पिकवायला गेली होती. तिथल्या लोकांना माझा उच्चार जमेना, तेव्हा नातवांनी माझे पहिले अक्षर 'ने' हेच छाटून टाकले. त्या अक्षरातच तर 'नाही' होते! आता तिथे माझे रक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला टोपी काढून सलाम करत असेल. एक शिंपी व्हिएन्नाला गेला, त्याला मुलीच झाल्या आणि त्या दुसऱ्या आडनावांत गेल्या. ओस्त्रावाच्या खाणीत गेलेला एक खाणीतच राहिला. ब्रनो शहरात कवायत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांनी लग्न केले नाही. बाकी मी उरलो तो होर्नी यावोरमध्ये, एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत. व्हिन्सेन्सचे दोन मुलगे तिथे राहतात. खालच्या घरात थोरला आलोइस, तो ब्रह्मचारी. वरच्या घरात धाकटा सिरिल, त्याची बायको यार्मिला आणि एकुलती एक मुलगी वेंदुला.

या दोन भावांत विस्तव जात नाही. कारण सांगतो. व्हिन्सेन्सला पुरले त्या दिवशी दोघे भाऊ कबरीपाशी टोप्या घालून उभे होते. पेटी खाली उतरली आणि सिरिलला रडू फुटले. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"घाल ती," आलोइस दातांवर दात धरून म्हणाला. "बाप बघतोय."

"बाप गेलाय, आलोइस."

"सगळ्या गावादेखत पाद्र्यापुढं टोपी काढलीस. मग तुझ्या लेखी मीही गेलो असं समज."

तेव्हापासून बावीस-तेवीस वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. रस्ता एकच असल्याने रोज समोरासमोर यायचे, दोघेही टोप्या डोळ्यांवर ओढून जायचे. गंमत पाहा, त्या दिवसानंतर सिरिल आलोइसपेक्षाही कडवा झाला. आपण खरे नेस्मेकल आहोत हे सिद्ध करण्यासाठी तो बँकेत, दवाखान्यात, कुठेही टोपी काढीना. मी या भांडणाचा आनंद घेत होतो. दोघेही माझ्यासाठीच तर भांडत होते.

मग वेंदुलाचे लग्न ठरले. मुलगा राडिम होराक, खालच्या शहरात बसगाड्या दुरुस्त करतो. शांत, हसरा, कुणालाही आधी नमस्कार करणारा. आमच्याकडे लग्नात दोघांचे आडनाव कोणते, ते दोघांनी मिळून ठरवायचे असते. राडिमने सांगितले, "मी नेस्मेकल होतो."

गुत्त्यात त्याची सालपटे निघाली. "काय जावईबापू, बायको घेतलीत, आता तिचं नावपण? उद्या तिचा परकर नेसाल!"

राडिम हसला. "होराक पोत्यानं मिळतात हो. गर्दीत दगड मारा, एखाद्या होराकालाच लागेल. एक कमी झाला तर पत्ताही लागायचा नाही. वेंदुलाचं आडनाव मात्र तिच्याबरोबर संपतंय. तिला वाईट वाटतं."

मित्रांनो, आजवर लोक माझ्यात जन्माला येत होते, नाहीतर सुना रीतीने येत होत्या, त्यांना इलाज नव्हता. कुणी आपणहून मला मागितले असे हे पहिल्यांदाच घडत होते. मी कधी हळवा होत नाही, पण त्या संध्याकाळी झालो. मला राडिम हवा होता.

सिरिलने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "टोपी सांभाळशील?"

"सांभाळीन."

सिरिलने कपाटातून म्हाताऱ्या व्हिन्सेन्सची काळी टोपी काढून त्याला दिली. लग्नात घालायला.

लग्नाच्या आधी यार्मिलाने रीतीप्रमाणे खसखस आणि पनीर भरलेल्या छोट्या गोड टिक्क्या भाजून घरोघर वाटल्या. आलोइसच्या फाटकालाही पुडा लावून आली. दुसऱ्या दिवशी तो पुडा कोंबड्यांपुढे पडलेला होता.

शनिवारी वरात पायी खालच्या सरपंचाच्या कचेरीकडे निघाली, लग्न तिथेच लागायचे होते. पुढे अकॉर्डियनवाला, मागे नवरानवरी, मग आईबाप आणि अर्धे गाव. आमच्याकडे शेजारी वरातीच्या वाटेत दोर ताणून अडवतात. नवऱ्याने त्यांना आलुबुखाराच्या दारूचा पेला द्यायचा आणि दोर सोडवून घ्यायचा, असा तो खेळ आहे. आलोइसच्या घरासमोर दोर ताणलेला होता. फाटकापासून समोरच्या झाडापर्यंत, चांगला बैल बांधायचा जाड दोर. मागे आलोइस उभा.

राडिमने पेला भरून पुढे केला. "घ्या काका."

"दारू माझ्या घरात आहे." आलोइसने सिरिलकडे न बघता बोट केले. "त्याला सांगा, पाद्र्यापुढं काढली होतीस, आता थोरल्या भावापुढं काढ. मग सोडतो दोर."

अकॉर्डियन थांबले.

"त्याला सांगा," सिरिल ओरडला, "दोर सोड, नाहीतर दोरासकट फरफटत नेईन!"

"ये की! ये, पाद्र्याच्या चेल्या!"

"सिरिल, काढ रे एकदा," यार्मिला त्याच्या बाहीला धरून म्हणाली. "पोरीचं लग्न आहे. खाली सरपंच खोळंबलेत."

"आज काढली तर तो जन्मभर खरा ठरेल!"

"आणि नाही काढली तर तुझी पोर जन्मभर बिनलग्नाची," गर्दीतून कुणीतरी म्हणाले आणि लोक हसले. वेंदुला पांढरी पडली होती. तेव्हा राडिम दोरापाशी गेला, त्याने डोक्यावरची काळी टोपी काढली आणि तो वाकला.

"काका, मी काढतो. आजपासून मीही याच घरचा. माझी चालवून घ्या आणि आम्हाला जाऊ द्या."

मग आलोइस बावीस-तेवीस वर्षांत पहिल्यांदा भावाकडे तोंड करून बोलला.

"बघितलंस? बापाची टोपी काढली यानं! असला माणूस आणलास तू घरात?"

मला वाटले, सिरिल आता जावयाची बाजू घेईल. सिरिलचे तोंड लाल झाले होते. तो राडिमवर धावून गेला. "कुणी सांगितलं होतं तुला? भिकाऱ्यासारखा वाकतोस! लाज नाही वाटत?"

"मेंढरू आहे ते," आलोइस म्हणाला.

"मेंढरूच," सिरिल म्हणाला.

इतक्या वर्षांत दोन भावांचे एकमत झाले ते एवढ्यावर. सिरिलने टोपी हिसकावली आणि राडिमच्या डोक्यावर कानांपर्यंत दाबून बसवली. लोक पोट धरून हसले. आलोइसने समाधानाने दोर सोडला आणि तोही वरातीत सामील झाला. राडिमचे कान जळत होते. वेंदुलाने हळूच ती टोपी त्याच्या डोक्यावरून उचलली, वडिलांच्या हातात दिली आणि राडिमचे विस्कटलेले केस बोटांनी नीट केले.

सरपंचाच्या कचेरीत सगळ्यांनी टोप्या काढल्या. दोघे भाऊ मात्र दाराच्या दोन बाजूंना टोप्या घालून उभे राहिले, अगदी एकासारखा एक. नोंदणीच्या बाईंनी विचारले, "आडनाव दोघांचं कोणतं लावणार?"

राडिमने तोंड उघडले. "नेस..."

"होराक," वेंदुला म्हणाली. "दोघांचं होराक."

बाई गोंधळल्या. "पण आधी तर तुम्ही..."

"ठाऊक आहे. बदला."

"वेंदुला!" दारातून सिरिलचा आवाज फुटला. "अगं, शेवटचं आहे ते!"

"माहितीये बाबा. म्हणूनच."

"अगं, मी विसरलो ते," राडिम कुजबुजला. "मला चालतंय खरंच."

"मला नाही चालत. आम्हाला रस्ता मिळावा म्हणून तू वाकलास, आणि तुला मेंढरू म्हणाले हे दोघं. माझी पोरं ह्यांच्या हाताखाली हे नाव शिकणार नाहीत." मग ती बाईंकडे वळली. "लिहा तुम्ही."

बाईंनी लिहिले. सिरिलच्या हातात बापाची टोपी होती, ती तो नुसती फिरवत राहिला.

मी तिला शाप दिले, मित्रांनो. माझ्याकडे होते नव्हते तेवढे सगळे. कारभाऱ्याच्या चाबकाने मी मेलो नाही, खाणीने मेलो नाही, समितीने मेलो नाही, आणि पांढऱ्या कपड्यातल्या एका पोरीने मला एका शब्दात संपवले! वर्षभर मी असा धुमसत होतो. आता तिला मुलगा झाला आहे. तो होराक आहे, गुबगुबीत आहे आणि जो दिसेल त्याच्याकडे बघून हसतो. रविवारी ती त्याला घेऊन आईकडे येते. सिरिल दुरूनच बघतो, कारण आधी बोलायचे कुणी हे त्याला अजून ठरवता आलेले नाही. दुकानात तो सांगतो की आलोइसने नाव बुडवले. आलोइस सांगतो की सिरिलने बुडवले. दोघांत पुन्हा विस्तव जात नाही. दोघे गेले की दोन दारांवरच्या पाट्या निघतील आणि मी फक्त दगडांवर उरेन.

माझा वेंदुलावरचा राग आताशा उतरला आहे. या दोन म्हाताऱ्यांवरचा मात्र उतरत नाही. त्यांनी मला इतके जपले की माझ्या सावलीत राहायला कुणी धजेना.

मित्रांनो, तुमच्याही दारावर एखादे आडनाव असेल. त्याचा अभिमान बाळगा, माझी ना नाही. पण त्या अभिमानापायी घरच्या माणसाला चार लोकांत खाली बघायला लावू नका. आणि कुणी परका तुमच्या दाराशी येऊन, मला तुमच्यातला होऊ द्या, असे म्हणाला, तर त्याला आधी घरात घ्या, बसायला द्या. मला राडिमसारखा माणूस पुन्हा मिळणार नाही.