गवंड्याच्या घरची पाणसळ

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे, आणि खरं सांगून सांगून आता दमले आहे. हातभर लांबीची पट्टी, पोटात काचेची बारीक नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात हवेचा एक बुडबुडा, एवढाच माझा देह. मला कशावरही आडवं ठेवा. बुडबुडा मधोमध थांबला तर काम सरळ, सरकला तर तिरकं. आजकाल सगळे मला लेव्हल म्हणतात. काहीही म्हणा, जन्मभर मला एकच प्रश्न विचारला गेला आणि मी एकच उत्तर देत आले.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथं एक बाई प्रत्येक पाणसळ दगडी टेबलावर ठेवायची, मग तिची टोकं फिरवून पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा जागचा हलला नाही, तरच ती पाणसळ पास. मी पास झाले, दुकानात आले आणि तिथून एका तरुण गवंड्याच्या पिशवीत.

हा गवंडी नजरेचा पक्का होता. भिंत आधी डोळ्यांनी जोखायचा, मग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी मला लावायचा. आमचं दोघांचं सहसा जमायचं. कौतुक मात्र त्याच्या नजरेचं व्हायचं. काम चुकलं आणि मी तसं दाखवलं, की त्याच्या हाताखालची माणसं म्हणायची, "लेव्हलच बिघडली असेल." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मी ऐकून घ्यायची. ऐकून घेण्याचाही शीण येतो, पण तो कुणाला दिसत नाही.

मग त्यानं स्वतःचं घर बांधायला काढलं. दिवसभर लोकांची घरं बांधायची आणि उजेड असेतो संध्याकाळी आपलं. त्या घरासाठी त्यानं मला पिशवीतून बाहेर काढलंच नाही. अंग आंबून गेलेलं असायचं, आणि शिवाय गुर्मीही होती. "माझ्या घराला लेव्हल कशाला? मला डोळे नाहीत का?" असं तो म्हणायचा. घर उभं राहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवायचा, "या घरात कुठंही गोटी ठेवा, जागची हलणार नाही." कुणी ठेवून पाहिली नाही, हे त्याचं नशीब.

वर्षं गेली. त्याची बायको गेली, मग गुडघे गेले, मग डोळ्यांपुढं धुकं आलं. मी पिशवीसकट माळ्यावर जाऊन पडले. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. कुणी हाक मारली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही फार वाईट वाटलं नाही. विश्रांती होती ती.

घरात आता म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. म्हातारा बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून दिवसभर समोरच्या कोऱ्या भिंतीकडं तोंड करून बसायचा. एक दिवस सून नवऱ्याला म्हणाली, "मला नाही बघवत. त्या भिंतीला काहीतरी रूप देऊ या." भिंतीवर लाकडाच्या नक्षीदार पट्ट्यांच्या चौकटी बसवायच्या आणि चौकटींसकट सगळी भिंत एकाच गडद हिरव्या रंगात रंगवायची, असं तिनं मैत्रिणीकडं पाहिलं होतं. चौकटींच्या कडांच्या सावल्या पडल्या की भिंत भारदस्त दिसते.

"कारागीर बोलवू," मुलगा म्हणाला.

"गवंड्याचे चिरंजीव ना तुम्ही? घरच्या भिंतीला परका माणूस बोलावणार?"

झालं. वर्मावर बोट. म्हाताऱ्याला काही न सांगता थोडे दिवस त्याच्या लेकीकडं पाठवलं आणि दोघं कामाला लागले.

कोपऱ्यात दोन पट्ट्या जुळाव्यात म्हणून त्यांची टोकं तिरपी कापावी लागतात. मुलानं पहिल्याच दिवशी निम्मी टोकं उलट्या बाजूनं कापली. सून नुसती त्या तुकड्यांची चळत लावत बसली. त्यापेक्षा बोललेली बरी. मग माळ्यावरून मला काढलं, पुसलं आणि माझ्या सांगण्यावरून वरची लांब पट्टी डिंकानं चिकटवून बारीक खिळ्यांनी ठोकली.

दोघं मागं सरकून बघतात तो काय! दाराकडं पट्टी छताला टेकायला आलेली आणि खिडकीकडं मध्ये ऐसपैस फट. आंधळ्यालाही तिरकी दिसावी.

"लेव्हल बिघडलीय," मुलगा म्हणाला. "किती वर्षं माळ्यावर पडली होती."

पुन्हा तेच. मला हसूही आलं नाही. पण सुनेनं मला जमिनीवर ठेवलं. बुडबुडा खिडकीकडं पळाला. तिनं माझी टोकं फिरवून ठेवलं. बुडबुडा पुन्हा खिडकीकडंच.

"लेव्हल ठीक आहे, अहो," ती हळूच म्हणाली. "खोलीच दाराकडं उतरलीय. छत आणि फरशी, दोन्ही."

"बाबांनी बांधलेली खोली?"

"बाबांनीच."

मुलगा मटकन खाली बसला. "त्यांच्याकडं आता उरलंय काय गं? गुडघे गेले, डोळे जाताहेत. घर सरळ बांधलं, एवढ्यावर ताठ बसतात. ही पट्टी अशी राहिली, तर येणारा प्रत्येक माणूस त्यांना विचारणार."

त्याचं खरं होतं. माझं तर नेहमीच खरं असतं. पण माझ्या खऱ्यानं त्या दिवशी एका म्हाताऱ्याची मान खाली जाणार होती, आणि गप्प बसणं मला येत नाही.

सून म्हणाली, "मग घराच्या कलानं घेऊ."

पट्टी उपटली. तिच्याबरोबर गिलाव्याचे पोपडे आले, ते खड्डे पुट्टी भरून बुजवले. मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं आणि छतापासून खाली मोजत, छताला धरून, नव्यानं चौकटी बसवल्या. मी तिथून बघत होते. एकही आडवी पट्टी सरळ नव्हती आणि भिंत मात्र देखणी दिसत होती. हिरवा रंग चढल्यावर तर डोळा हटेना. यावर मी काय बोलणार?

म्हातारा परत आला. दारातच थबकला. काठी टेकत भिंतीजवळ गेला आणि पट्ट्यांवरून तळवा फिरवत खिडकीपर्यंत आला. तिथं त्याचा हात माझ्यावर पडला. त्यानं मला लगेच ओळखलं. मला उचलून त्यानं चौकटीच्या खालच्या पट्टीला लावलं. त्या घरात त्यानं मला भिंतीला लावण्याची ती पहिलीच वेळ.

"बुडबुडा कुठंय रे? मला दिसत नाही."

बुडबुडा खिडकीकडं जाऊन बसला होता. मुलानं माझ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं.

"मधोमध आहे, बाबा."

म्हाताऱ्यानं मला पुन्हा कट्ट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "खोटं बोललास की तुझा आवाज बारीक होतो. लहानपणापासून." मुलाची मान खाली गेली. म्हाताऱ्यानं विचारलं, "दाराकडं उतरलीय ना?"

"हो."

"किती?"

"दोन बोटं."

"दोनच?" म्हातारा म्हणाला. "मी इतकी वर्षं तीन धरून चाललो होतो."

मुलानं त्याचा हात धरला आणि त्याला खुर्चीपर्यंत नेलं. खुर्चीत टेकल्यावरही त्यानं तो हात सोडला नाही. "छताला धरून लावलंत, ते बरं केलंत," म्हातारा सुनेला म्हणाला. "मीही तसंच लावलं असतं." मग बराच वेळ तो त्या हिरव्या भिंतीकडं बघत बसला. त्याला काय दिसत होतं, ते मला माहीत नाही.

तर मित्रांनो, मला आपटू नका, उन्हात टाकू नका, अधूनमधून पुसा, म्हणजे मी तुमच्याही उपयोगी पडेन. विचाराल तेव्हा खरं काय ते सांगेन. पण ते ऐकून ज्याच्या पायातलं बळ जाईल, त्याला धरायला मला हात नाहीत. तेवढं तुम्ही करा.