नदीपलीकडचा मामा

पोर्ट मोर्सबीच्या रग्बी स्टेडियमखालच्या खोलीत बूट बांधता बांधता संघातला नॉर्मन आपल्या दाताची गोष्ट सांगत होता. सगळ्यांना ती पाठ होती, तरी सगळे कान देऊन ऐकत होते.

"फिजीच्या त्या धटिंगणाचं कोपर लागलं आणि दात पडला. मी घरी पोचतोय तर मामा आधीच अंगणात हजर! बापाकडून डुक्कर घेतलं. वरून निघताना माझा जबडा उघडून बघतो न् म्हणतो, शेजारचाही हलतोय की रे, त्याचंही आत्ताच द्या, माझी खेप वाचेल."

खोलीत हशा पिकला. कर्णधार एनोख काउपाही हसला, पण त्याचं हसू ओठांवरच राहिलं. नॉर्मनचा हेवा वाटावा असं नॉर्मनकडे काही नव्हतं, एवढा तो मामा सोडला तर.

डोंगरातल्या माणसाचं हाड बापाचं आणि रक्त आईकडचं. ते कुठेही सांडलं, की आईच्या भावाने येऊन बापाच्या दारात थयथयाट करायचा आणि बापाने डुक्कर देऊन त्याची समजूत काढायची. सगळे बाप या प्रकाराच्या नावाने बोटं मोडतात. पण ज्याच्या रक्ताचा जाब विचारायला कुणीच येत नाही, त्या माणसाला आईकडचं कुणी उरलेलं नाही, हे साऱ्या खोऱ्याला कळतं.

बोमाई, एनोखचा मामा, नदीच्या पलीकडच्या काठावर राहायचा. घरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. एनोख रांगत होता तेव्हा दोन्ही काठांमध्ये जमिनीवरून मारामारी झाली, आणि इकडच्यांनी बोमाईची कॉफीची बाग जाळली. बोमाईने तिथेच भर नदीत उभं राहून सांगितलं की पलीकडे मला बहीण नाही. पुढे समेट झाला, बाजार एक झाला, पण बोमाई पुलावरून कधी आला नाही.

इकडे भाचा मात्र रक्त सांडत सुटला होता. शाळेत बाटलीला चिंध्या गुंडाळून केलेल्या चेंडूने सुरुवात केलेला हा पोरगा जवळच्या कुंडियावाच्या संघातून राजधानी पोर्ट मोर्सबीत गेला, तिथून ऑस्ट्रेलियात, आणि मग इंग्लंडच्या उत्तरेला. तिथल्या कोळशाच्या गावातल्या म्हाताऱ्या बसथांब्यावर त्याला नावाने हाक मारून "जेवलास का?" विचारायच्या. देशाची लाल-काळी-पिवळी जर्सी अंगावर चढवल्यापासून तर त्याने कधी मागे पाहिलं नाही. भुवई फुटली, नाक मोडलं, खांद्याचं हाड निखळलं. दरवेळी त्याचा बाप काउपा एक डुक्कर वेगळं बांधून रताळी चारायचा, आणि दर नाताळात ते मुकाट्याने कापायचा. आई, अगाथा, त्या मटणाला हात लावायची नाही.

"मज्जा आहे रे तुझ्या बापाची," गावातले म्हणायचे. "फुकटात सुटतोय." एनोखला ते नाकाच्या दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

आज त्याचा शेवटचा सामना, तोही इंग्लंडशी. खेळाडूंनी गळ्यात गळे घालून प्रार्थना केली. राष्ट्रगीताला एनोख नेहमीसारखा ढसाढसा रडला. तिकीट न मिळालेले लोक बाहेरच्या झाडांवर लटकले होते आणि सुपारी चघळत आतल्यांना सल्ले देत होते. उत्तरार्धात एनोखचं कपाळ कुणाच्या तरी डोक्यावर आपटून फुटलं. डॉक्टर म्हणाला, बस झालं. एनोख म्हणाला, "टाके घाल, गप्पा नंतर मारू."

तो पट्टी बांधून परत आला तेव्हा त्याचा संघ दोनच गुणांनी पुढे होता. आणि अगदी शेवटी इंग्लंडचा एक रेड्याएवढा गडी तिघांना झटकून रेषेच्या आत पडला. आता फक्त चेंडू जमिनीला टेकवायचा, की संपलं. एनोखने त्याच्याखाली स्वतःला झोकलं आणि चेंडू न् माती यांच्यामध्ये आपला हात घातला. वरून आणखी चौघे पडले. हात निघाला नाही. पंचाने वाकून पाहिलं, नकारार्थी मान हलवली, आणि मोर्सबीत असा काही गलका उठला की झाडावरचे दोघे खाली आले. मैदानावर असलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती की असा खेळाडू आपल्या मातीत पुन्हा लवकर व्हायचा नाही.

गावाने त्याला ट्रकवर उभं करून आणलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, चिखलात नाचणाऱ्या बाया, शर्टावर त्याचा नंबर रंगवलेली पोरं. जेवण भाजायला अंगणात खड्डा खणून दगड तापवले होते. सगळे खात होते, गात होते. एनोख मात्र आईकडे बघत होता आणि आई पुलाकडे.

"अगं, नको बघूस," काउपा हळूच म्हणाला.

तेवढ्यात पुलावरून आरोळी आली. तोंडाला चिखल फासलेली माणसं कुऱ्हाडी परजत धावत येत होती, आणि सर्वात पुढे एक वाळलेला, पाय ओढणारा म्हातारा होता.

"काउपा! ए हरामखोरा, बाहेर ये! कुणी सांडलं माझं रक्त? कुणाला विचारून सांडलं?"

इकडच्या पोरांनी काठ्या उचलल्या. अगाथा मधे धावली, "ठेवा खाली! दादा आलाय माझा!" म्हणून ओरडली आणि मटकन खाली बसून रडू लागली.

बोमाईने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला ओरडता आलं नसतं. "या कपाळाचंच मागत नाही मी! टोंगाशी खेळताना ही भुवई फुटली, तेव्हा कुणी निरोप धाडला मला? इंग्लंडात नाक मोडलं, ते कुणाचं होतं, तुझं? खांदा निखळला त्या दिवशी मी रेडिओ घेऊन वर डोंगराच्या शेंड्यावर बसलो होतो. खाली खरखर येते म्हणून. या गुडघ्यांनी चढलो मी, या! सगळ्याचं डुक्कर पाहिजे मला!"

आयुष्यभर घासाघीस केलेल्या काउपाने गोठ्यातलं सगळ्यात मोठं डुक्कर सोडून आणलं.

"हे?" बोमाई म्हणाला. "एवढंसं?"

"पुढच्या वर्षी आणखी न्या, मेव्हणे," काउपा हात जोडून म्हणाला.

एनोख पुढे झाला आणि त्याने मान खाली घातली. म्हाताऱ्याने अंगठ्याने टाक्यांच्या कडेला चाचपून पाहिलं.

"चेंडूखाली हात घातलास," तो पुटपुटला. "माझा बाप असाच होता. मरेल पण सोडायचा नाही."

एनोखने खाली वाकून डुक्कर खांद्यावर घेतलं. तोच निखळलेला खांदा. आई नको नको म्हणत होती, पण त्याने ऐकलं नाही. तो पुलावर पोचला तेव्हा पलीकडचा सगळा काठ उभा राहिला होता. ज्या गावात त्याने जन्मात पाय ठेवला नव्हता, तिथली माणसं त्याच्या नावाने ओरडत होती, आणि त्याच्या पुढे लंगडत चाललेला बोमाई काठी हवेत फिरवत सगळ्यांना दटावत होता.

"वाट सोडा रे! दिसत नाही का? माझा भाचा येतोय!"